वरच्या पायरीवरचा शिपाई

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अवरेकाळू सोलणं. पावट्याचेच भाऊबंद ते. थंडी पडली की बेंगळुरात घराघरात हाच उद्योग. दाणे भिजत घालायचे, मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबायचे, की साल हातात आणि दाणा ताटात. माझा ताटात कमी आणि भिंतीवर जास्त जायचा.

"दाबा, चिरडू नका," ही म्हणाली. "गिऱ्हाइकाची मान आहे का ती?"

"गिऱ्हाइकाची मान मी मापायचो. दाबली नाही कधी."

"तेवढंच चुकलं तुमचं."

मी शिवाजीनगरात जन्मभर शिंपीकाम केलं. शर्ट, पँट, शाळेचे गणवेश. ही रेडीमेड कपड्यांच्या फॅक्टरीत काजं करायला होती. पोरं झाली नाहीत. दोघंच. एक दाणा उडून तिच्या चष्म्यावर बसला, तर तो तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली, मला हसू फुटेपर्यंत. मग ताट झाकलं, हात पुसले आणि म्हणाली, "स्वल्प पडते हं. दाण्यांचं सारू, सार, संध्याकाळी करू."

ती उठली नाही. छातीनं दगा दिला, असं डॉक्टर म्हणाला. झोपेतच.

एवढ्यावर थांबलो असतो तर रडगाणं झालं असतं, आणि रडगाणं मला लिहायचं नाही. मी चौथी नापास माणूस, पण राग लिहायला शाळा लागत नाही. माझी बायको गेली त्याचा राग मी देवावर काढला, ते देव आणि मी बघून घेऊ. तिची गोष्ट चोरली त्याचा राग मात्र माणसांवर आहे, आणि तो इथं मांडतो.

गोष्ट म्हणजे बाहुल्यांची. आमचे पूर्वज इकडे कधी आले ते कुणालाच नीट सांगता येत नाही, पण इथल्या रीती आमच्या अंगाला चिकटल्या त्या चिकटल्याच. दसऱ्याला आमच्या घरातही गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात. पत्र्याच्या ट्रंका आणि खोकी एकावर एक रचून पायऱ्या करायच्या, वरपासून खालपर्यंत एकच पांढरं कापड अंथरायचं, आणि त्यावर बाहुल्या. सगळ्यांत वरच्या पायरीवर लाकडाचे राजा-राणी, ती जोडी मुलीला लग्नात आईकडून मिळते. खाली देव, त्याखाली शेट्टी आणि शेट्टीण, पुढ्यात डाळ-तांदळाचं दुकान. अगदी खाली भाजीवाली, धोबी, कुंभार, बँडवाले. नऊ दिवस गल्लीतल्या बायका-पोरं घरोघर गोंबे बघत फिरतात आणि जिथं जातील तिथं हळदीकुंकू आणि मूठभर उसळ मिळते. पुरुषांचं यात काम एकच, ट्रंका माळ्यावरून काढून द्यायच्या.

हिच्या फॅक्टरीत संप झाला ते नव्वद साल उलटून गेल्यावर. कारण ऐकलंत तर हसाल. संडासाला जायला टोकन होतं. पितळेचं. एका लाईनीला एक टोकन. ज्या बाईच्या हातात टोकन ती उठणार, बाकीच्या मांड्या आवळून काजं करणार. हिच्याबरोबर गुंड्या लावायला एक बाई होती, आमच्याच गल्लीतली. पोटुशी होती. तिनं टोकनाशिवाय उठायचं धाडस केलं, तर सुपरवायझरनं तिला हाताला धरून परत बसवलं. तिथंच सगळं भिजलं. त्या दिवशी मशीनं बंद पडली.

संपाचा पुढारी आमच्यातलाच पोरगा. कटिंगला होता. दाढी वाढवलेली, आवाज असा की मधल्या चौकातनं बोलला तर गल्लीच्या टोकाला भांडी वाजावीत. सगळ्या बायका त्याला अण्णा म्हणायच्या. तो हिला अक्का म्हणायचा, म्हणून मला भावजी. आमच्या घरी जेवलेला आहे तो. माझ्या हातचा शर्ट घालून त्यानं पहिलं भाषण केलं.

पोलिसांनी जमावबंदी लावली. चार माणसं एकत्र दिसली की काठी. आणि नेमका दसरा आला. ही म्हणाली, "सभा नाही ना घ्यायची? सरी, ठीक आहे. बाहुल्या बघायला तर कुणी येऊ शकतं." फॅक्टरीतल्या बायका चांगल्या साड्या नेसून, डोक्यात अबोली माळून, पाच-पाच सहा-सहा अशा आमच्या खोलीत आल्या. गल्लीच्या तोंडाशी हवालदार उभा होता. त्यानं विचारलं, हे काय चाललंय. ही दारातनं ओरडली, "गोंबे आहेत साहेब! तुम्हीपण या, पण चप्पल बाहेर!" तो आला. उसळ खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत आला.

त्या खोलीत हिनं गोष्ट सांगितली. अर्धी मराठीत, अर्धी कन्नडात. पायऱ्यांचं एक गाव होतं. दिवा सगळ्यांत वर, राजाच्या शेजारी. खालच्या पायरीला सगळा अंधार. भाजीवालीला स्वतःची भाजी दिसेना, धोब्याला डाग दिसेना. ते म्हणाले, महाराज, दिवा स्वल्प खाली आणा. राजा म्हणाला, उजेड आपोआप खाली येतो, वाट बघा. त्यांनी वाट बघितली. मग एक दिवस भाजीवालीला दिसलं, की आपल्या बुडाखालचं कापड आणि राजाच्या बुडाखालचं कापड एकच आहे.

आणि हिनं खालून कापड ओढलं. खरंच ओढलं. राजा-राणी गडगडत खाली आले, राणी शेट्टीच्या तांदळात तोंडावर पडली. बायकांनी जो हंशा केला! गुंड्यावाली तर हसता हसता रडायला लागली. पुढारी दारात उभा होता. सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच्या.

संप जिंकला. टोकनं गेली. सुपरवायझरला घालवलं. ते काही महिने, सांगतो तुम्हाला, ही घरी यायची ती चालत नाही, नाचत यायची.

पुढच्या दसऱ्याला गोष्ट पुढे गेली. राजा खालच्या पायरीवर, पण दिवा राखायला कुणीतरी हवं ना, नाहीतर राजा परत चढायचा. म्हणून बाहुल्यांनी एकमतानं मिशीवाल्या शिपायाला वर उभं केलं. मातीचा, खाकी रंगाचा शिपाई. पुढारी युनियनचा अध्यक्ष झाला होता. तो पायरीकडं बोट करून म्हणाला, "अरे, हा तर मीच की अक्का!" सगळ्यांच्या देखत म्हणाला. हे ध्यानात ठेवा, शिपाई तो आहे हे हिनं कधीच म्हटलं नाही, त्यानंच म्हटलं.

त्यानंतर दर वर्षी शिपायाचं काहीतरी बदलायचं. एका वर्षी त्याच्या पायाखाली स्टूल आलं, उभं राहून पाय दुखतात म्हणून. पुढच्या वर्षी डोक्यावर छत्री, दिव्याची झळ लागते म्हणून. मग वर यायच्या आधी विचारून यायचं असा नियम. ही माझ्याकडनं चिंध्या मागायची आणि शिपायाला कपडे शिवायची. प्रत्येक वर्षी माप वाढवून. मी म्हणायचो, "अगं, मातीचा आहे तो, जाड कसा होईल?" ती म्हणायची, "तुम्ही चिंध्या द्या हो. गिऱ्हाईक मोठं आहे."

तिकडे फॅक्टरीत काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण आता सगळे विसरल्याचं नाटक करतात. पुढाऱ्यानं दाढी काढली. व्हॅन घेतली. मालकाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला तो मालकाच्या शेजारी बसला. नव्या मुली आता थेट फॅक्टरीत लागत नव्हत्या, पुढाऱ्याच्या मेहुण्यामार्फत लागत होत्या. आणि मग एक दिवस टोकन परत आलं. आता पितळेचं नाही, लाल प्लास्टिकचं, त्यावर युनियनचा छाप. का? तर शिस्त. युनियनच्या शिस्तीसाठी. सकाळी फाटकाशेजारच्या युनियनच्या हॉलमध्ये रांग लावून प्रत्येक लाईनीचं टोकन न्यायचं, संध्याकाळी परत आणून द्यायचं. ज्या टोकनासाठी संप केला तेच टोकन, त्याच माणसाच्या हातातनं! मला सांगा, मालक हरामखोर होता हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याच्यावर मी कधी एवढा चिडलो नाही.

ही चिडली नाही. म्हणजे आरडाओरडा केला नाही. तिनं शेवटच्या दसऱ्याला मला विचारलं, "घरात बारके खिळे आहेत का?" मी दिले. वरच्या पायरीवर राजाच्या खुर्चीत शिपाई बसवला, डोक्याला राजाचा फेटा. शेजारी छोट्या स्टुलावर राजा, मजेत. आणि पायऱ्यांवरचं कापड खालच्या बाजूनं, टोकापासून टोकापर्यंत, खिळ्यांनी ट्रंकेखालच्या फळीला ठोकून टाकलं.

पुढारी दर वर्षीसारखा आला, चार माणसं घेऊन. बघत राहिला. मग हसून म्हणाला, "अक्का, तुमचा शिपाई फारच सुटलाय. आणि हे खिळे कसले?"

"मी नाही मारले," ही म्हणाली. "शिपायानं मारले. कापड खालनं ओढता येतं हे राजाला माहीत नव्हतं. शिपायाला माहीत आहे ना."

खोलीत गुंड्यावाली होती, आणखी पाच-सात बायका होत्या. पुढाऱ्यानं उसळीची वाटी हातात घेतली होती, ती तशीच खाली ठेवली. "बरंय," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कुणी आलं नाही. ज्या तिथं बाहुल्या बघायला जातील त्यांची लाईन टोकनाशिवाय राहील, असा निरोप फिरला होता. दसरा संपला तेव्हा हिला काजांवरनं काढून पॅकिंगला उभं केलं, दिवसभर उभं, त्या वयात. महिन्याभरात ती स्वतःच म्हणाली, पुरे झालं. घरी बसली. त्यानंतर तिच्या तोंडून फॅक्टरीचा शब्द नाही. आणि मग ते अवरेकाळू.

तेरावं झालं आणि युनियनची दोन माणसं दारात. हात जोडलेले. "शोकसभा घेतोय अक्कांसाठी. त्यांच्या बाहुल्या मांडाव्या म्हणतो. त्यांचीच आठवण ती." मी ट्रंक काढून दिली. का दिली? कारण ती ट्रंक घरात माझ्याकडे बघत होती. आणि मला वाटलं, बायका बघतील. तिची मांडणी सगळ्या बायकांना पाठ आहे, त्याच मांडतील, असं मी गृहीत धरलं. माझ्या डोक्यात दुसरं येणार तरी कसं? आमच्यात गोंबे बायकाच मांडतात.

हॉलमध्ये गेलो तर व्यासपीठावर मालक. मालक, तिच्या शोकसभेला! तिचा फोटो हार घालून लावलेला, संपाच्या फोटोतनं कापून मोठा केलेला, शेजारणीचा अर्धा खांदा तसाच राहिलेला. आणि कोपऱ्यात पायऱ्या. सुंदर मांडल्या होत्या, खोटं बोलणार नाही. अगदी रीतीप्रमाणं. राजा-राणी सगळ्यांत वर, नव्या जरीत. शिपाई खालच्या पायरीवर, हातात कागदाचा लाल झेंडा. कापडाला इस्त्री केलेली. कुठल्यातरी कर्मचाऱ्यानं मांडलं असणार, ज्याच्या घरात असंच मांडतात. त्याची चूक नाही. पण मी कापडाची खालची कड उचलून बघितली, एकही खिळा नव्हता.

एक प्राध्यापक बोलले. चांगला माणूस. म्हणाले, कष्टकरी स्त्रीनं रूपकातून क्रांतीची कथा सांगितली. रूपक म्हणजे काय ते मला तिथं कळलं, एकाचं नाव घेऊन दुसऱ्याबद्दल बोलणं. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, खरं नाव घेतलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून बाहुली घेतली. तरीही गेलीच.

मग पुढारी उठला. आवाज तोच, भांडी वाजवणारा. त्यानं गोष्ट सांगितली. दिवा सांगितला, भाजीवाली सांगितली, कापड ओढलं ते सांगितलं, बायका हसल्या तेसुद्धा तिच्यासारखं हात उडवून दाखवलं. मी म्हटलं, विसरला नाही मेला. आणि मग म्हणाला, "पण आपली अक्का शहाणी. ती म्हणाली, नुसतं पाडून चालत नाही. म्हणून शिपायानं काय केलं? राजाला हात दिला. समजावलं. सन्मानानं परत वर बसवलं, आणि राजानं दिवा सगळ्यांना दिसेल असा ठेवला. शिपाई आपला खाली, सेवा करत. मालक आणि कामगार, एक घर. ही अक्कांची शिकवण."

मालकानं रुमाल काढून डोळे पुसले. टाळ्या झाल्या. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माझ्या तोंडापुढं माईक धरला, दोन शब्द बोला म्हणून. मी म्हणालो, "ही तिची गोष्ट नाही. तिचा शिपाई..." एवढंच. माईक गेला. पुढाऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवून लोकांना सांगितलं, "भावजींना दुःख आवरत नाही." आणि मला खुर्चीत बसवलं. हाताला धरून बसवलं.

नंतर केसरीबाथ होतं, आपला केशरी शिरा. मी खाल्लं नाही. पुढारी द्रोण घेऊन माझ्याजवळ आला. "भावजी, बाहुल्या इथंच राहू द्या. उद्या सुतार बोलावलाय, काचेचं कपाट करून घेतो. दर दसऱ्याला नव्या पोरींना इथंच गोष्ट सांगू. अक्का अमर होईल."

"तिला मरू दे," मी म्हणालो. "मेलीय ती. तिच्या तोंडी तुझं थोबाड घालू नकोस."

"तुम्ही रागात आहात."

"हो."

"गोष्ट आता तुमची नाही, भावजी. चळवळीची आहे."

मी शाल त्याच्या द्रोणावर टाकली आणि बाहेर आलो.

फाटकाबाहेर गुंड्यावाली उभी होती. पदर तोंडावर. मी तिला सोडलं नाही. "तू होतीस ना खोलीत? खिळे बघितलेस ना? मग टाळ्या कसल्या वाजवल्यास?"

"अय्यो, भावजी, वाजवल्या नसत्या तर उद्या आमच्या लाईनीला टोकन नाही. तुम्ही मशीनवर बसून बघा एक दिवस."

मला तिच्या कानाखाली मारावीशी वाटली. मग वाटलं, ती खरं बोलतेय. मग परत राग आला, त्या खऱ्याचाच. मी विचारलं, "नव्या मुलींना ठाऊक आहे का, टोकन आधी पितळेचं होतं ते?"

"कोण सांगणार?"

बसमध्ये बसून घरी येताना मला एवढंच दिसत होतं. ती गेली, आणि मी आज ना उद्या जाणार. गुंड्यावाली घाबरलेली. त्या काचेच्या कपाटासमोर दर वर्षी नव्या मुली उभ्या राहणार, आणि त्यांना वाटणार की माझ्या बायकोनं हेच सांगितलं: राजाला परत वर बसवा. तिनं आयुष्यात एकच गोष्ट रचली. तीसुद्धा तिच्याविरुद्ध साक्ष देणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं गेलो. खिशात हातोडी आणि बारके खिळे. हॉल झाडायला आलेल्या बाईनं दार उघडलं होतं, तिला वाटलं सुतारच. मी तिला म्हटलं, हो, सुतारच.

पुरुष गोंबे मांडत नाही. त्यातून दसरा नाही, आणि सुतकाचं वर्ष, बाहुलीला हात लावू नये. लावला. राजाला उतरवलं, त्याचा फेटा काढून शिपायाला बांधला आणि त्याला वर बसवलं. माझे हात शिंप्याचे आहेत, ते काम बरं झालं. झेंडा काढून भाजीवालीच्या टोपलीत ठेवला, टाकायला मन होईना. राजाला स्टुलावर बसवलं. मग गुडघ्यावर बसून खालच्या कडेनं कापड फळीला ठोकत गेलो. अंगठा एकदा चेचला.

हातोडी वाजत होती तेवढ्यात टोकनाची रांग लागायला सुरुवात झाली. कोवळ्या कोवळ्या मुली, डबे काखेला. एकीनं मला आजोबा करून विचारलं, "ताता, हे काय करताय?"

मला गोष्ट सांगता येत नाही. जन्मभर मी गिऱ्हाइकाला फक्त 'हात वर करा' आणि 'श्वास सोडा' एवढंच म्हणालो. पण उभा राहिलो आणि सुरू केलं. कन्नड माझं बरं आहे, बाजाराचं. पितळेच्या टोकनापासून सांगितलं. भिजलेल्या साडीपासून. त्या बाईचं नाव न घेता, पण रांगेत मागं उभ्या असलेल्या गुंड्यावालीनं पदर तोंडावरनं काढला आणि मोठ्यानं म्हणाली, "मी ती. सांगा पुढं." मी सांगितलं. दिवा कुणी राखायचा ते, स्टूल कसं आलं ते, छत्री कशी आली ते. मधे अडखळलो की ती मागनं सांगायची.

खिळ्यांपर्यंत आलो आणि पुढारी आला. व्हॅन फाटकात उभी केली आणि तसाच आत. पायऱ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"भावजी, बाहुल्या उचला आणि घरी जा. आत्ता."

"नेतो. गोष्ट संपली की नेतो."

"मुलींनो, चला, भोंगा होईल. टोकन घ्या."

कुणी पुढं झालं नाही. कुणी मागंही सरलं नाही. एका मुलीनं, जी सगळ्यांत पुढं होती, माझ्याकडं बघून हनुवटी उचलली, बोला म्हणून. भोंगा वाजायला लागला. मी त्याच्यावर आवाज चढवला आणि शिपायानं कापडाला खिळे का मारले, ते सांगत राहिलो.